सोलापुरातल्या नव्या वस्तीत कुत्र्याला अनोळखी वाटांवर कसं न्यावं?

विचारलेलं थोडक्यात असं आहे. साखर पेठेतलं जुनं घर सोडून कुटुंब विजापूर रोडला, सोरेगावच्या अलीकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये राहायला आलंय. सोबत तीन वर्षांचा भुऱ्या, कारवानी या शिकारी जातीचं आणि गावठीचं मिश्रण. पेठेत तासभर हुंदडणारा हा गडी इथं पहिल्याच कोपऱ्यावर पाय रोवून उभा राहतो. ओढलं तर पट्ट्यातून मान काढायला बघतो. घरामागं माळ आहे, ओढा आहे, पायवाटा आहेत, त्या त्याच्यासोबत हिंडून बघायच्यात. रविवारी हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजच्या अभयारण्यात न्यावं का, हेही विचारलंय.

मी एकोणीस वर्षं सोलापुरात कुत्री शिकवते आणि त्यातला बराचसा वेळ त्यांच्याबरोबर चालण्यातच जातो. भुऱ्या हट्टी झालेला नाही, हे आधी सांगते. पेठेतली कुत्री यंत्रमागांच्या खटखटीत वाढतात. ती खटखट सकाळी सुरू होते ती रात्रीपर्यंत, आणि बाकीचे आवाज तिच्याखाली बुडून जातात. माळाच्या कडेला आलं की कानावरची ती चादर कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं. टिटवी ओरडली, लांब कुठं ट्रॅक्टर सुरू झाला, बांधकामावर कुणी पत्रा टाकला, की तो आवाज सुटा आणि टोकदार येतो. वासांचंही तसंच. पेठेत कुठल्या बोळात कुणाचं कुत्रं, कुठं भजी तळतात, कुठं मांजर बसते हे त्याच्या नाकाला पाठ होतं. इथं एकही खूण ओळखीची नाही. त्याच्या जागी मीही कोपऱ्यावर थांबले असते.

तर सुरुवात अशी करा. पहिला फेरा तुम्ही एकट्यानं मारा, भुऱ्याला घरीच ठेवून. ज्या वाटेनं त्याला न्यायचंय त्याच वाटेनं, ज्या वेळी न्यायचंय त्याच वेळी. बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात, आणि माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथंच सापडतं. कुत्रं हातात असताना आपलं सगळं लक्ष त्याच्याकडं असतं, वाट बघायची राहून जाते. एकटं चालताना मान वर असते. गल्लीतली कुत्री कुठं बसतात, किती आहेत, कुणाच्या ओट्याखाली पिल्लं आहेत, ते बघा. त्यांना रोज भाकरी घालणारी एखादी मावशी असतेच, तिच्याशी दोन शब्द बोला. कुठलं अंगावर येतं आणि कुठलं नुसतंच भुंकतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. एका कानाचं टोक कापलेलं कुत्रं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली असते आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते.

वस्ती संपून माळ लागला की बघायच्या गोष्टी बदलतात. आपल्याकडं जुन्या विहिरींना कठडा असेलच असं नाही. होटगी रोडच्या बाजूला मी एकदा अशीच आधी एकटी फिरत होते. घाणेरीची जाळी दाट वाढलेली, मधून पायवाट बाहेर पडत होती, आणि पायवाटेपासून चार पावलांवर, जाळीच्या आतच, विहिरीचं तोंड होतं. पाणी खोल, काळं, वर एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती. कुत्रं त्या जाळीत ससा बघून घुसलं असतं तर माझ्या हातात फक्त दोरी राहिली असती. तेव्हापासून मी एकटीचा फेरा कधी चुकवत नाही. शेताच्या कडेला रानडुकरांसाठी लावलेली झटक्याची तारही बघून ठेवा. ती बारीक असते, संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही, आणि कुत्रं तिला ओलं नाकच लावतं. असा झटका बसलेलं कुत्रं ती वाट पुढं महिनोन्‌महिने नाकारतं. मार्चनंतर काळ्या रानातल्या भेगाही बघा. पळणाऱ्या कुत्र्याचा पाय आत अडकेल इतक्या त्या रुंद होतात. तेवढे महिने मुरमाच्या वाटा धरा.

साखळी पहिल्यांदा बाजूला ठेवा. छातीपट्टा घ्या, पण कारवानीचं अंग निमुळतं, छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळं बाजारातला तयार पट्टा मागं सरकून निघतो. बरगड्यांच्या मागं कमरेशी दुसरा बंद असलेला पट्टा शिवून घ्या. दोरीसाठी मी खाटेची नवार वापरते. पंधरा-सोळा फूट नवार घ्यायची, एका टोकाला मोच्याकडून कडी शिवून घ्यायची. हाताला ती चरचरत नाही आणि ओली झाली तरी घसरत नाही. मात्र ती हाताला गुंडाळायची नाही, घड्या करून तळहातावर धरायची. कारवानी हे नजरेचं कुत्रं. पन्नास-साठ फुटांवर ससा उठला की त्याच्या कानात तुमचा आवाज शिरत नाही. तेव्हा हिसका देऊ नका. नवारीचं मोकळं टोक पायाखाली दाबा आणि गुडघे वाकवून उभे राहा. वेग हळूहळू मोडतो आणि त्याच्या पाठीलाही झटका बसत नाही. माळावर त्याला मोकळं सोडायचं का, असं विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. गावठी कुत्रं हाक मारली की परत येतं, कारवानी पाठलाग संपल्यावर येतं, आणि तोवर ते हायवेच्या पलीकडं असतं. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला हवाच.

आता प्रत्यक्ष पहिला दिवस. कोपऱ्यापर्यंतच जायचं. तो थांबला की तुम्हीही थांबा, दोरी ढिली सोडा आणि त्याच्याकडं एकटक बघू नका. एखादा दगड बघून बसलात तर उत्तम. आता तो कसा थांबलाय हे ओळखायचं. वास घेण्यासाठी थांबलेल्या कुत्र्याचं वजन पुढच्या पायांवर असतं, नाकपुड्या हलतात, शेपूट सैल असते. घाबरून थांबलेल्याचं वजन मागं जातं, कान मागं पडतात, तोंड घट्ट मिटतं, मधूनच जीभ नाकावरून फिरते, झोप नसताना जांभई येते. मला स्वतःला सगळ्यात खात्रीची वाटते ती खाण्याची खूण. घरी ज्यावर उडी मारतो तो उकडलेल्या चिकनचा तुकडा, नाहीतर दुधात भिजवलेल्या भाकरीचा घास, जमिनीवर टाका. खाल्ला, तर एवढं त्याला झेपतंय. हुंगून सोडून दिला, तर आज इथूनच परत फिरायचं. रागवायचं नाही, चुचकारत पुढं न्यायचं नाही, उचलून तर मुळीच न्यायचं नाही. त्याला एवढंच कळायला हवं की 'नको' म्हटलं की आपलं ऐकलं जातं. ते कळलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी स्वतःहून दोन पावलं पुढं जातं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता तिथं घाई करणाऱ्या माणसाचा हात धरून मी थांबवते.

पहिला आठवडा एकच वाट ठेवा आणि आलात त्याच वाटेनं परत या. परतताना त्याच्याच पावलांचा वास त्याला सापडत असतो, म्हणून येताना तो मोकळा चालतो. 'मागं चल' हे शब्द याच दिवसांत शिकवा. घरात, अंगणात, काहीही भीतीचं नसताना 'मागं चल' म्हणायचं, वळायचं, वळल्यावर घास द्यायचा. दिवसातून दहा-बारा वेळा. पुढं कधी चार कुत्री समोरून आली तर हे दोन शब्द नवारीपेक्षा जास्त कामाला येतात. वाट अंगवळणी पडली की तिला एक फाटा जोडा, मग दुसरा, आणि मग गोल फेरा करा.

फाट्यावर एक गंमत मला आजही आवडते. दोन्ही वाटा तुम्ही आधी एकट्यानं बघितलेल्या असतील तर तिथं थांबा आणि त्याला ठरवू द्या. तो आधी एका वाटेला नाक लावेल, मग दुसऱ्या, मग डोकं वर करून वारा घेईल. कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. तेवढ्यात चपलेतून मुंग्या चढतात, पण हलू नका. माझी कुत्री काळी पहिल्या वर्षभर फाट्यावर माझ्या तोंडाकडं बघायची. आता बघत नाही. स्वतः निवडते आणि तरातरा निघते. अंतर किती कापलं हे मोजू नका. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींच्या. पंधरा मिनिटं नाक चालवलेलं कुत्रं घरी येऊन गाढ झोपतं. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये एक प्रयोग मांडला होता. काही कुत्र्यांनी दोन आठवडे वास शोधायचा सराव केला, बाकीच्यांनी तेवढेच दिवस मालकाच्या पायालगत चालायचा. नंतर खाणं आहे की नाही हे सांगता न येणारं भांडं समोर ठेवलं, तेव्हा वासाचा सराव केलेली कुत्री त्याच्याकडं आधीपेक्षा लवकर गेली. म्हणजे काहीतरी चांगलंच मिळेल अशी आशा त्यांच्यात वाढली होती. भुऱ्याला सध्या हवीय ती हीच आशा.

नर कुत्र्याच्या मालकांना एक वेगळं सांगायचंय. सोलापूर ही सिद्धरामेश्वरांची भूमी. त्यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं गावात आणि गावाभोवती विखुरलेली आहेत, शिवाय माळावर म्हसोबा, मरीआई, पीर. शेंदूर फासलेला एकटा उभा दगड म्हणजे नर कुत्र्याला पाय वर करायला आमंत्रणच. लोकांची मनं दुखावतात आणि ती दुखावणं बरोबरच आहे. तुमच्या एकट्याच्या फेऱ्यात अशा जागा हेरून ठेवा. वीस पावलं आधीच नवार आखडून घ्या, घास दाखवत पलीकडच्या बाजूनं काढा आणि पुढं एखादं बाभळीचं खोड बघून दोरी सैल सोडा. वस्तीतली घाण कागदात उचलायचीच, हे वेगळं सांगायला नको.

गल्लीतली कुत्री आडवी आली तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. सरळ त्यांच्या दिशेनं न जाता लांबून वळसा घ्या. मी बाराही महिने छत्री बाळगते. अंगावर येणाऱ्या कुत्र्याच्या आणि आपल्या मधे छत्री फटकन उघडली की बहुतेक जागेवर थांबतात. काठी हातात असेल तर जमिनीवर आपटा, कुत्र्यावर नको. मारलेलं कुत्रं तुम्हाला लक्षात ठेवतं आणि वाट त्याच्याच दारावरून जाते. चावा बसलाच तर तुमची जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. भुऱ्याला चावा बसला असेल तर त्याची लस ताजी असली तरी डॉक्टरांना दाखवा.

मेंढरं हा आपल्या माळाचा स्वतंत्र विषय. धनगरांची कुत्री राखणीची असतात, ती आपलं काम करतात. एकदा संध्याकाळी मी काळीला घेऊन कळपाच्या फार जवळ गेले. लांबून धनगर मामांनी हाक दिली, "ताई, तुझं कुत्रं धरून हितंच थांब. माझी सोडलेली हायती." मी थांबले. त्यांनी शीळ घातली, त्यांची तीन कुत्री मागं फिरली, कळप पुढं सरकला आणि मग मामांनी हात केला, ये म्हणून. तेव्हापासून कळप दिसला की मीच आधी हाक देते आणि ते सांगतील तिथं थांबते. विणीच्या दिवसांत कळपाजवळून जायचंच नाही.

आता कुसळांबद्दल. हे मी सविस्तर लिहितेय, कारण यात मी स्वतः चुकलेय. पावसाळा सरला की माळावरचं गवत पिकतं, आणि साधारण ऑक्टोबरपासून पुढं तीन-चार महिने कुसळं झडत राहतात. कुसळाचं टोक बाणासारखं असतं आणि केस मागं वळलेले, त्यामुळं ते कातडीत शिरलं की पुढंच जातं, मागं येत नाही. एका डिसेंबरात फिरून आल्यावर काळी पुढचा डावा पंजा चाटत होती. काटा असेल, निघाला असेल म्हणून मी दोन दिवस सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दोन बोटांच्या मधे हरभऱ्याएवढी गाठ आली आणि तिच्या टोकाला ओलसर छिद्र. डॉक्टरांनी भूल देऊन चिमट्यानं ओढलं तेव्हा पाऊण इंचाचं कुसळ निघालं, पूर्ण पुवानं माखलेलं. त्या दोन दिवसांची टोचणी मला अजून आहे. घरी आल्यावर दारातच बसा, पंजा हातात घ्या, बोटं एकेक करून फाकवा, गाद्यांच्या मधे अंगठा फिरवा. मग काखा, जांघा, कानाच्या आतली बाजू. फिरून आल्यावर एकच कान झटकतोय, मान एका बाजूला कलती धरतोय किंवा एकाएकी सटासट शिंकतोय, तर कुसळ कानात किंवा नाकात गेलंय असं धरून चला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोखरूचे काटे गादीत वरवर रुततात, ते तिथल्या तिथं निघतात. वेड्या बाभळीचा काटा मात्र आत मोडतो. गाजर गवतातून गेलेल्या कुत्र्याचं पोट आणि पाय धुवून टाका, काहींना पुरळ येतं. याच वेळी गोचिडीही बघून घ्या. गोचिडीच्या तापात कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांकडं जाणारी वाट असेल तर फवारणीच्या दिवशी ती सोडा. टाकी भरतात तिथं साचलेलं पाणी कुत्रं पिऊन टाकतं. तोंडाला फेस, अंगाला थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, असं दिसलं तर औषधाचं नाव शेतकऱ्याला विचारून घ्या आणि पळा. दगडांच्या राशी, जुने बांध इथं फुरसं असतं, पाणथळ गवतात घोणस. कुत्र्याला चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. बांधू नका, कापू नका, त्याला चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच सामायिक प्रतिविष चालतं, पण ते कुठल्या दवाखान्यात मिळतं हे आजच फोन करून विचारून ठेवा.

उन्हाचं सोलापूरकरांना काय सांगणार, पण कुत्रं आपल्यासारखं घामानं निवत नाही, धापा टाकूनच निवतं. एप्रिल-मे मध्ये सूर्य वर यायच्या आत घरी परत. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून सातपर्यंत मोजा. ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजतील. संध्याकाळी सात वाजताही डांबर तापलेलंच असतं, मातीची वाट त्या मानानं लवकर निवते. एक लिटर पाणी आणि आपला सोलापुरी टॉवेल सोबत ठेवा. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर सावलीत घ्या. पोट, जांघा, पंजे यांवर साधं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ नको, आणि ओला टॉवेल पाठीवर पांघरूनही नको, त्यानं उष्णता आतच कोंडते. टॉवेल भिजवून त्याच्या अंगाखाली घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

रविवारचं म्हणाल तर हिप्परगा चालेल, पण भुऱ्या घराभोवती मोकळा झाल्यावर, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी. हिवाळ्यात तलावाच्या काठाला बाहेरून आलेले पक्षी उतरतात, तेव्हा पाण्यापासून लांब आणि नवार हातात. सिद्धेश्वर वनविहार किंवा स्मृती उद्यान जवळ पडेल, पण कुत्र्याला आत सोडतात का हे फाटकावर विचारून मगच न्या.

नान्नजला कुत्रा नेऊ नका. ते माळढोकांसाठी 1979 साली घोषित झालेलं अभयारण्य आहे. त्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी आहेत. भुऱ्या नवारीला बांधलेला असला तरी त्याला नुसतं बघूनही घरट्यावरचा पक्षी उठतो. आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग जंगली जनावरांत पसरला की काय होतं हे 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेनगेटीच्या जंगलात दिसलंय. तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह त्या साथीत गेले, आणि साथीचं मूळ भोवतालच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांत होतं असं मानलं जातं. आपल्या माळावरचे लांडगे मोजकेच उरलेत. तुम्ही जरूर जा, दुर्बीण घेऊन जा, भुऱ्याला त्या दिवशी घरी हाड द्या.

राहता राहिला पावसाळा. जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की काळी माती पंज्याच्या केसांत गोळे होऊन बसते, ते कोमट पाण्यात भिजवून सोडवा, ओढू नका. ओढ्याचं पाणी वाढलेलं असतं, बिळं पाण्यानं भरून साप वर आलेले असतात, उन्हाळ्यात मोकळी असलेली वाट गवतात हरवलेली असते आणि कुणी नवी तार ओढलेली असते. भुऱ्याला तोवर ती वाट पाठ झाली असेल आणि तो तुम्हाला पुढं ओढेल. तरी पहिल्या पावसानंतर एक सकाळ त्याला घरी ठेवा आणि तीच वाट पुन्हा एकदा एकट्यानं चालून या.